उडी मारणाऱ्यांची नावे

चित्रपटाचा इतिहास सांगू लागले की आपल्याकडे एक पान हमखास घाईने उलटले जाते. फाळके होतात, बाबूराव पेंटर होतात, ‘प्रभात’ची तुतारी वाजते आणि मग आपण थेट सामाजिक आशयाकडे वळतो. त्याच काळात घोड्यावरून उड्या मारणारे, छपराछपरांवरून पाठलाग करणारे, एकट्याने दहा जणांना लोळवणारे असे कितीतरी मूकपट आणि बोलपट निघाले. त्यांच्या वाट्याला फार तर एक ओळ येते. याच सुमारास काही गल्लाभरू स्टंटपटही निघाले, अशा अर्थाची. त्या ओळीतला ‘ही’ मला बरेच दिवस खुपतो आहे. पंगत उठल्यावर उरलेसुरले वाढावे तसा तो ‘ही’ आहे. प्रस्तुत लेख त्या एका अक्षराविरुद्ध आहे असे समजावयास हरकत नाही.

एका मुलीने मारामारीच्या चित्रपटांची बाजू घ्यावी याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमच्या घरी आईलाही वाटते. कला शाखेच्या विद्यार्थिनीने कवितेवर लिहावे, निसर्गावर लिहावे, फारच झाले तर हुंड्यावर लिहावे, अशी एक समजूत आहे. पण आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. माझ्या आधी घरात कवितेचे पुस्तक आले नव्हते. चित्रपट मात्र आला होता, आणि तो मारामारीचाच होता. तेव्हा मला जे ठाऊक आहे त्यावर मी लिहिते.

पहिली गोष्ट अशी की, मारधाड ही आपल्या चित्रपटात मागाहून शिरलेली घाण नाही. ती पहिल्या दिवसापासून आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालचा. त्यानंतर चारच वर्षांनी, १९१७ मध्ये, ‘लंकादहन’ आला. लोक त्यात काय पाहायला गेले? मारुतीची उडी आणि पेटलेली लंका. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये तर फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि कालियाशी झुंजली. या दृश्यांना आपण ‘पौराणिक’ म्हणतो आणि हात जोडतो. उडी देवाने मारली की ती कला, आणि तीच गिरणीकामगाराच्या पोराने मारली की तो गल्लाभरूपणा, हा न्याय कुठला?

दुसऱ्या बाजूने अमेरिका आली. डग्लस फेअरबँक्स या नटाचे ‘मार्क ऑफ झोरो’ (१९२०), ‘थीफ ऑफ बगदाद’ (१९२४) हे मूकपट जगभर गाजले. हसत हसत भिंतीवर चढणारा आणि झुंबराला लोंबकळणारा हा माणूस आपल्या लोकांना फार आवडला. आवडण्यासारखाच होता. मग आपल्याकडेही ‘हिंदी फेअरबँक्स’ तयार झाले. त्यांतले पहिले मोठे नाव मास्टर विठ्ठल यांचे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत कोल्हापूरला सुरुवात केलेला हा नट पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत तलवारबाजीचा नायक झाला. त्याची मागणी एवढी की सागर कंपनीने त्याला बोलावून घेतले, शारदा कंपनीने करारभंगाचा दावा लावला, आणि विठ्ठलची बाजू मांडायला बॅरिस्टर जीना उभे राहिले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत लागलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या हिंदी बोलपटाचा नायक हाच. गंमत पाहा, त्याची भाषा उर्दूच्या वळणाची नव्हती म्हणून त्याला चित्रपटात बराच वेळ गुंगीत दाखवला, असे सांगतात. ज्याचे शरीर इतके बोलत होते त्याला पडदा बोलू लागल्याबरोबर गप्प बसावे लागले.

त्याच १९३१ सालचा ‘दिलेर जिगर’ हा मूकपट पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा. दिग्दर्शक जी. पी. पवार, नायिका ललिता पवार. राजाचा खून होतो, वारस हरवतो आणि रस्त्यावर कसरतीचे खेळ करीत मोठा होतो. पुढचे वाचकांनी ओळखले असेलच. मी या चित्रपटावर थांबते ते दोन कारणांसाठी. एक तर तो शिल्लक आहे. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट निघाले, त्यांतले आज पूर्ण असे बोटांवर मोजण्याइतके उरले. खुद्द ‘आलम आरा’ची एकही प्रत नाही. जुन्या फितींतली चांदी काढून घेण्यासाठी त्या वितळवून टाकण्यात आल्या, म्हणजे चित्रपटांची भांडी मोडीत काढावीत तशी मोड झाली. त्यातून जे वाचले त्यांत एक मारधाडीचा, आणि तोही पुण्यात तयार झालेला, हा योग आहे. दुसरे कारण ललिता पवार. त्यांच्याकडे पुढे येऊ.

स्टंटपटाचे खरे घर म्हणजे परळची वाडिया मूव्हिटोन. जमशेद आणि होमी हे वाडिया बंधू. १९३३ मध्ये लवजी कॅसल या आपल्या वडिलार्जित वास्तूत त्यांनी कंपनी काढली. पर्थमध्ये १९०८ साली जन्मलेली, मुंबईत वाढलेली, दुकानात विक्रेतीचे आणि मग सर्कशीत कसरतीचे काम केलेली मेरी इव्हान्स नावाची मुलगी त्यांच्याकडे आली आणि ‘नादिया’ झाली. १९३५ च्या ‘हंटरवाली’त ती बुरखा घालून, हातात चाबूक घेऊन गोरगरिबांसाठी लढते. हा चित्रपट घ्यायला वितरक तयार नव्हते. सोनेरी केसांची बाई पुरुषांना उचलून फेकते, हे कोण पाहणार? वाडियांनी तो स्वतःच लावला आणि तो महिनोन् महिने चालला. १९३६ च्या ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये ती आगगाडीच्या टपावर मारामारी करते. स्वतः करते, दुसऱ्या कोणाला पुढे करून नव्हे.

मी ही दृश्ये फोनच्या चार बोटांच्या पडद्यावर पाहिली. तरी अंगावर काटा आला. १९३६ साली आमच्या पंचक्रोशीत एखाद्या मुलीने झाडावर चढणेही चर्चेचा विषय झाला असता, आणि इथे एक बाई धावत्या गाडीच्या टपावर उभी राहून पुरुषाला खांद्यावर घेते आहे. स्त्रीमुक्तीच्या परिसंवादात नादियाचे नाव का निघत नाही, हे मला खरोखरच कळलेले नाही. ‘कुंकू’मधली नीरा जरठ नवऱ्याला नाकारते, ती मोठीच आहे, तिच्याबद्दल वाद नाही. पण नीरा शब्दांनी लढते आणि आपण सुशिक्षित लोक शब्दांना मान देतो. हाताने लढणारीला देत नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट. वाडियांचा परळचा हा स्टुडिओ १९४२ मध्ये व्ही. शांतारामांकडे गेला आणि तेथेच ‘राजकमल’ उभे राहिले. म्हणजे ज्या जागेला आपण कलामंदिर म्हणून नमस्कार करतो, तिथे आधी नादियाने लोक आपटले होते.

आता ज्यांच्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला त्या भगवानदादांकडे येते. भगवान आबाजी पालव. जन्म १९१३ चा, म्हणजे आपल्या चित्रपटाच्याच वयाचा माणूस. वडील मुंबईत गिरणीकामगार. स्वतः भगवानदादांनीही मजुरी केली. मूकपटांत लहानसहान कामे करता करता १९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्याबरोबर ‘बहादूर किसान’ हा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला, आणि पुढची दहा-अकरा वर्षे अगदी थोड्या पैशांत एकामागून एक मारधाडीचे चित्रपट काढले. १९४२ मध्ये ‘जागृती पिक्चर्स’, १९४७ मध्ये चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ. त्यांच्याच चित्रपटांत संगीताची पहिली संधी मिळालेला त्यांचा मित्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात सी. रामचंद्र. त्यांचा जन्म पुणतांब्याचा. पुणतांबे पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात; आमच्या दारावरून जाणारा रस्ता तिकडेच जातो, याचा मला उगीचच अभिमान वाटतो.

थोड्या पैशांत चित्रपट काढणे म्हणजे काय, याचा विचार आपण करीत नाही. थोड्या पैशांत प्रपंच चालवणाऱ्या बाईला तो लगेच कळेल. महाल बांधता येत नाही, म्हणून कथा उघड्या माळावर न्यायची. नामवंत नटी परवडत नाही, म्हणून तालमीतला पैलवान घ्यायचा. एकाच माणसाने लिहायचे, दिग्दर्शन करायचे आणि मारही खायचा. आणि संवाद कमी ठेवायचे. यातले शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गिरणगावात कोण राहत होते? कोकणातला, घाटावरचा, तेलंगणातला, उत्तरेतला माणूस. त्यांची बोली एक नव्हती. पण खलनायकाच्या नाकावर बसलेला ठोसा सगळ्यांना एकाच वेळी समजत होता. बारा तास साच्यापुढे उभा राहिलेला माणूस, ज्याला दिवसभर मुकादमापुढे मान वर करता येत नाही, तो संध्याकाळी काही आणे देऊन आपल्यासारख्याच एका ओबडधोबड, नायकासारख्या न दिसणाऱ्या माणसाला मुजोर माणसाची कॉलर धरताना पाहतो. याला कोणी पळवाट म्हणेल. म्हणो बापडे. ज्यांना पळायला घर आहे, अंगण आहे, ग्रंथालय आहे, त्यांनी पळवाटेला हसावे हे मला बरे वाटत नाही.

आमचे आजोबा जत्रेतल्या तंबूत चित्रपट पाहत. तंबूत पडद्याच्या दोन्ही बाजूंना लोक बसत, असे ते सांगतात. मागच्या बाजूला चित्र उलटे दिसायचे. त्यामुळे आजोबांच्या मते त्यांचे सगळे आवडते नायक डावखुरे होते. त्यांना एकाही चित्रपटाचे नाव आठवत नाही, गाणे आठवत नाही, पण कोण कुठल्या कड्यावरून कसा पडला हे ते उठून, हात पसरून दाखवतात. आमच्या आप्पांच्या लहानपणीही तंबू येत असे. माझ्यापर्यंत तो पोहोचला नाही. महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गौरवला गेला. म्हणजे जगाने नोंद घेतली. आपण मात्र तंबू गुंडाळले.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या चित्रपटांतले पुष्कळसे सुमारच असणार. कथा एकाच साच्याच्या, वाईट माणूस पहिल्याच दृश्यात मिशीवरून ओळखू यावा. सुष्टांचा जय आणि दुष्टांचा नाश यापलीकडे जगात काही प्रश्नच नाहीत, असा त्यांचा थाट. आमच्या वर्गातील एका मित्राचे म्हणणे असे की, असल्या चित्रपटांनी कामगारांचा राग पडद्यावरच जिरवला आणि बाहेर उरू दिला नाही. हे मला पटत नाही. गिरणगावातला प्रेक्षक मारामाऱ्या पाहत होता आणि तोच प्रेक्षक संपही करीत होता. १९८२ च्या संपात उतरलेल्या अडीच लाख कामगारांनी लहानपणी फक्त गंभीर चित्रपट पाहिले होते, असे कोणी म्हणणार नाही.

पण सुमार निघाले म्हणून सगळे टाकायचे, तर कवितांचे काय करायचे? आपल्या याच वार्षिकांकात दरवर्षी किती कविता येतात, आणि त्यांतल्या किती... असो.

इथे अमेरिकेचे एक उदाहरण देते. रॉबर्ट रॉड्रिग्ज हा टेक्सासमधल्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबातला तरुण. त्याने सुमारे ७,००० डॉलरमध्ये ‘एल मारियाची’ हा मारधाडीचा चित्रपट काढला, १९९२ मध्ये. पैसे कसे उभे केले? नव्या औषधांची चाचणी घेणाऱ्या संस्थेत स्वतःचे शरीर भाड्याने देऊन. कॅमेरा पुढे-मागे सरकवायला गाडी नव्हती, म्हणून त्याने चाकांची खुर्ची वापरली. लेखक तोच, छायाचित्रकार तोच, संकलक तोच. पुढे कोलंबियासारख्या बड्या कंपनीने तो चित्रपट घेतला, आणि २०११ मध्ये अमेरिकेने तो जतन करावयाच्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत घातला. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या देखरेखीखाली ही यादी असते. गाण्याबजावण्याच्या पेटीतून बंदुका काढणाऱ्यांचा हा चित्रपट. आपल्याकडे त्याला कोणी ‘गल्लाभरू’ म्हणून उडवून लावले असते. भगवानदादांनी चाळीसच्या दशकात याहून वेगळे काय केले? पण ‘अलबेला’पूर्वीचे त्यांचे बहुतेक चित्रपट आज पाहायलाच मिळत नाहीत. चाकांच्या खुर्चीचे कौतुक आपण इंग्रजीत वाचतो. आणि चाकांच्या खुर्चीचेच म्हणाल, तर आपल्या मालेगावात नासिर शेख यांनी सायकलवर आणि बैलगाडीवर कॅमेरा चढवून चित्रपट काढले, ‘मालेगाव के शोले’पासून. यंत्रमागावर काम करणारा शफीक त्यांचा सुपरमॅन झाला. त्यांच्यावर माहितीपट निघाला आणि २०२५ मध्ये ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपटही आला, तेव्हा कुठे शहरांतल्या लोकांना मालेगाव दिसले.

आता ललिता पवार. येवल्याजवळ जन्मलेली ही मुलगी मूकपटात धाडसी नायिका होती हे आज कोणाला सांगितले तर खरे वाटत नाही. आपल्याला त्या ठाऊक आहेत खाष्ट सासू म्हणून, ‘रामायण’ मालिकेतली मंथरा म्हणून. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात त्यांना थोबाडीत मारण्याचे दृश्य होते. मारणारे होते भगवानदादा. हात जोरात बसला. चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा झाला, डावा डोळा कायमचा बारीक झाला, तीन वर्षे औषधोपचारात गेली आणि नायिकेची कारकीर्द संपली. मी भगवानदादांची चाहती आहे म्हणून हे झाकणार नाही. थोड्या पैशांच्या चित्रपटात मार खरा असतो, कारण खोटा मार शिकवायला वेळ लागतो आणि वेळाला पैसे लागतात. नंतर त्या डोळ्यानेच त्यांनी दुष्ट सासवा उभ्या केल्या आणि ‘अनाडी’तल्या मायाळू घरमालकिणीसाठी फिल्मफेअर पारितोषिकही मिळवले. हे त्यांचे मोठेपण. त्या दृश्याची किंमत त्याने कमी होत नाही.

हे मला इतके का लागते, ते सांगते. आमच्या पंचक्रोशीत आता शेतापेक्षा कारखाने जास्त. माझा चुलत भाऊ एका कारखान्यात ठेकेदाराच्या हजेरीवर होता. प्रेसवर काम करताना त्याची दोन बोटे गेली. तो बावीस वर्षांचा. कारखान्याच्या वहीत तो कारखान्याचा माणूस नव्हता, ठेकेदाराच्या वहीत त्या दिवशी त्याची हजेरी नव्हती. त्याच यंत्रावर तयार झालेला पत्रा लावलेली मोटार रस्त्याने जाते. तिच्या पाठीमागे कंपनीचे नाव असते. बोटांचे नाव नसते.

चित्रपटातही असेच आहे. ‘शोले’मध्ये (१९७५) बसंतीचा टांगा जिवाच्या आकांताने धावतो, तो अनेकदा हेमा मालिनी यांच्या जागी रेश्मा पठाण यांनी हाकला, आणि त्या त्यात जखमीही झाल्या. हे मला चित्रपट दहा वेळा पाहून कळले नव्हते. १३ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत पा. रंजित यांच्या चित्रपटाच्या चित्रीकरणात मोटार उलटवण्याच्या दृश्यात एस. एम. राजू हे स्टंटकलाकार मरण पावले. चार दिवस बातमी होती. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत मारामारीच्या दिग्दर्शनाला जागा मिळाली तीच मुळी २०१६ च्या चित्रपटांपासून. ऑस्करवाल्यांना तर त्याहून उशिरा सुचले. २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून ते स्टंटसाठी पारितोषिक देणार, असे त्यांनी २०२५ मध्ये जाहीर केले. म्हणजे शंभर वर्षे लोक उड्या मारीत होते आणि टाळ्या दुसरीकडेच पडत होत्या.

भगवानदादांचे पुढे काय झाले ते अनेकांना ठाऊक आहे. राज कपूर यांच्या सल्ल्याने मारधाड बाजूला ठेवून त्यांनी १९५१ मध्ये ‘अलबेला’ काढला. गीता बाली, सी. रामचंद्रांचे संगीत, आणि भगवानदादांचा तो कमरेपेक्षा खांद्याने केलेला नाच. प्रचंड चालला. जुहूला बंगला झाला, मोटारी झाल्या. मग ‘झमेला’ आला, ‘लाबेला’ आला, पैसा गेला, बंगला गेला, मोटारी गेल्या. अखेरीस दादरच्या चाळीतच ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला, मंगेश देसाई यांनी काम छान केले. पण या गोष्टीला जो तो ‘चंचल लक्ष्मी’चा दृष्टांत बनवतो ते मला खटकते. चाळीतून आलेला माणूस चाळीत परतला की लोकांना एक विचित्र समाधान मिळते. गिरणीकामगाराच्या मुलाने स्टुडिओ बांधला होता, हे त्यातले खरे आश्चर्य. ते तो गमावण्याने पुसले जात नाही.

माझी मागणी साधी आहे. आपल्या महाविद्यालयात चित्रपट मंडळ आहे. त्यात दरवर्षी गंभीर चित्रपट दाखवले जातात, त्यांना माझा विरोध नाही, मी तिथे पहिल्या रांगेत असते. यंदा ‘दिलेर जिगर’ दाखवावा. १९६४ मध्ये स्थापन झालेले चित्रपट संग्रहालय पुण्यातच आहे. आपल्या चौकातून एस.टी. धरली तर वाघोलीच्या वाहतुकीसकट दोन तासांत माणूस लॉ कॉलेज रस्त्यावर पोहोचतो. रीतसर पत्र लिहावे, प्राचार्यांची सही घ्यावी. पत्राचा मसुदा मी करून देते.

मूकपट असल्याने साथीला वाद्य लागेल. आमच्या आळीत हलगी वाजवणारे काका आहेत, त्यांना मी विचारून ठेवले आहे. ते तयार आहेत. फक्त म्हणाले, “पोरी, उडी कुठं कुठं हाय ते आधी एकदा दाखव, म्हंजी ठोका बरोबर तिथंच पडंल.”